माश्या मोजायला शिकवणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेचं दार ठोठवावं असं ज्या अकरावीच्या मुलांना वाटतं त्यांनी आणि ते दार उघडणं ज्यांच्या हातात आहे त्यांनीही ते वाचावं, म्हणून उघड लिहितेय. नाव लिहू नकोस म्हणालीस, ते नाही लिहिलं.

मी कुडाळहून पुण्या-मुंबईच्या २१ प्रयोगशाळांना ईमेल पाठवले होते. १७ ठिकाणांहून काहीच आलं नाही. तिघांनी एमएस्सी झाल्यावर या, असं कळवलं. तुझं उत्तर रात्री साडेअकराला आलं. त्यात होकार नव्हता, एवढंच विचारलं होतंस, ‘कंपवातच का?’ मग मी आजोबांबद्दल लिहिलं, त्यांना कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. सदऱ्याचं एक बटण लावायला त्यांना किती वेळ लागतो, उंबऱ्याशी पाय कसे जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, आणि पेन्शनच्या कागदावरची सही शेवटच्या अक्षरापर्यंत मुंगीएवढी कशी होते. चार दिवसांत तू सरांची परवानगी काढलीस. मला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून बाबांचं संमतीपत्र, कॉलेजचं पत्र, राहण्याची सोय, सगळ्याच्या मागे तू लागलीस. तेही स्वतःचा प्रबंध लिहायच्या दिवसांत.

कंपवाताचा आपला प्रयोग फळमाश्यांवर होता. त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २५ अंश तापमानात फळमाशीच्या अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. आपल्याला तर वय झालेल्या माश्या हव्या होत्या आणि माझ्या हाती सहाच आठवडे होते. म्हणून मी एसटीत बसायच्या आधीच तू क्रॉस लावून, म्हणजे हव्या त्या नर-माद्या एकत्र सोडून ठेवले होतेस. मी पोचले त्या सकाळी माझ्या प्रयोगाच्या माश्या कोशातून बाहेर येत होत्या. ज्या मुलीला तू पाहिलंही नव्हतंस, तिच्यासाठी दहा दिवस आधीपासून राबलीस. या एका गोष्टीचे आभार कसे मानायचे ते मला अजून उमगत नाही.

आमच्याकडे आंब्याच्या अढीवर घोंघावणारी चिलटं मी लहानपणापासून हाकलत आले. तीच तू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस. कार्बन डायऑक्साइडने गुंगलेली माशी मऊ कुंचल्याने कशी उलटायची, नराच्या पुढच्या पायावरची ती काळी फणी कुठे शोधायची, सगळं हाताला धरून शिकवलंस. कंपवातात अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन मेंदूतल्या पेशींत साचतं. मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी २००० साली हेच मानवी प्रथिन फळमाशीत तयार करवलं, तेव्हा वयाबरोबर तिच्या मेंदूतल्या, हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी घटल्या आणि चढण्याची ताकद लवकर गेली. नळी आपटली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच वर चढू लागतात. १० सेकंदांत ८ सेंटिमीटरची खूण किती जणींनी ओलांडली, ते मोजायचं. एवढंच माझं काम. पण ते खरं काम होतं, सुट्टीत आलेल्या मुलीला रमवायला काढलेलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातली ती दुपार आठवते? प्रथिनवाल्या एका नळीतल्या माश्या भराभर वर चढल्या. मला वाटलं, नळी नीट आपटली गेली नसावी. मी तेवढीच नळी पुन्हा घ्यायला निघाले. तू बाजूच्या टेबलावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, ‘पुन्हा घ्यायचं तर सगळ्याच नळ्यांचं घे. न आवडलेल्या आकड्याचंच नको.’ आवाज चढवला नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांवर नुसती अक्षरं होती. कोणतं अक्षर कशाचं ते लिहिलेला कागद लिफाफ्यात बंद करून तू कपाटात ठेवलास. त्यानंतरचे आकडे मी आजोबांची आठवण न काढता मोजले.

शेवटी लिफाफा उघडला. प्रथिनवाल्या आणि साध्या माश्यांत फरक होता, पण बारीक. सरांनी बैठकीत विचारलं, यावरून काय म्हणशील? मी म्हटलं, माश्या कमी आहेत, एवढ्यावर काही म्हणता येणार नाही. तू मागच्या रांगेत बसून हसलीस. बारावीच्या निकालापेक्षा ते हसू मला मोठं वाटतं.

आणि आजोबा. फोनवर त्यांनी थेट विचारलं होतं, नात माझ्यासाठी औषध शोधते ना? मी तर हो म्हणून मोकळी झाले असते. तू फोन घेतलास आणि सांगितलंस, ‘नाही आजोबा, या सुट्टीत नाही. ती नीट मोजायला शिकतेय.’ मग ते खाजकुइलीबद्दल विचारू लागले, कारण कोणीतरी त्यांना तिच्या बियांची पूड घ्यायला सांगितलं होतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली त्या बियांतून एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन होतं ते द्रव्य, वेगळं केलं होतं, हे तू त्यांना सांगितलंस. तेच द्रव्य तुमच्या गोळीतही आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरून पूड घेऊ नका, डोस वाढेल, असंही बजावलंस. आजोबांनी पुडी ठेवून दिली. घरच्यांचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत शाळकरी मुलं उन्हाळ्यात संशोधनाला येतात, हे मला तूच सांगितलंस. १९५५ साली तिथे आलेल्या डेव्हिड बाल्टिमोरला वयाने थोडा मोठा हॉवर्ड टेमिन भेटला आणि १९७५ च्या नोबेलमध्ये ते दोघे वाटेकरी होते. माझ्यासारखीच्या वाट्याला इथे तशी ठरलेली योजना आली नाही, तू आलीस. प्रत्येक तालुक्यातल्या मुलीला अशी ताई योगायोगानेच मिळावी, हे मला पटत नाही. म्हणून, ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांनी मे महिन्यात एक खुर्ची तरी राखून ठेवावी, अशी कळकळीची विनंती करते.

आजोबांनाही तुला लिहायचं होतं. हात साथ देत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं तसं मी उतरवून घेतलंय:

‘बाय, तू माज्या नातीक खरा सांगूक शिकवलंस. आंबे धाडलेत. गावले काय कळय.’

खालची सही मात्र त्यांनीच केली आहे. बारीक आहे, नीट बघ.

तुझी,
कुडाळची मुलगी