आत्याला विचार, वंशावळीला नको

रावपुरा, वडोदरा

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ताईला बेचाळिसाव्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर, आता डॉक्टर म्हणतायत जेनेटिक काउन्सेलिंगला जा, येताना घरची हिस्टरी घेऊन या, आणि तू म्हणतेस वंशावळ आहेच की आमच्याकडे, बाबांनी लॅमिनेट करून ठेवलेली, तीच नेते. अगं ती घरीच ठेव. आमच्या सासरीही आहे एक, नणंदेच्या वेळी नवऱ्याने मोठ्या अभिमानाने नेली होती आणि काउन्सेलर बाईंनी ती बघून पहिला प्रश्न विचारला, ह्यात बायका कुठे आहेत?

खरंच नाहीत गं. सात पिढ्यांचे रावसाहेब आणि बापूसाहेब आहेत, ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा, पण लेकी नाहीत, लग्न होऊन गेल्या की संपल्या. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत नावं जास्त मिळतील, पण कोण कशाने गेलं ते तिथेही नसतं. वतन कोणाकडे जाईल एवढंच बघायला केलेला कागद तो. काउन्सेलरला काय हवं असतं, तर तीन पिढ्या, आईकडच्या आणि बाबांकडच्याही, कोणाला कुठला कॅन्सर, आणि मुख्य म्हणजे कितव्या वर्षी निघाला. मेले कधी ते नव्हे, निघाला कधी. पंचाहत्तरीतला आणि अडतिशीतला एकाच तराजूत बसत नाही.

बाबांकडचं विसरू नकोस हे मुद्दाम सांगते, कारण सगळे आई, मावशी, आजी एवढंच सांगून मोकळे होतात. ब्रॅका वन आणि ब्रॅका टू, ज्यांच्यात बिघाड असला की हा धोका वाढतो, ते जीन बापाकडूनही तसेच येतात, प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी. बापाला स्वतःला काही होत नाही बहुतेकदा, त्याच्या बहिणींना होतं. म्हणून आत्या महत्त्वाच्या. माझ्या मुलीचा धोका नुसता माझ्या माहेरात शोधून काय मिळणार, तो तिच्या बापाकडूनही येऊ शकतो. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, त्यांच्या मते आमच्या घराण्यात असलं काही नाही!

आणि दत्तक. सासऱ्यांचे वडील दत्तक आलेले, वंशावळीत मात्र सरळ रेघ. आता त्या रेघेच्या वरचं सगळं काउन्सेलरच्या दृष्टीने निराळं कुटुंब, आणि ज्या घरातून ते आले तिकडची माणसं आम्हाला कोणाला माहीतच नाहीत. बडोद्यात ह्याचं नवल नको म्हणा, खुद्द सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आलेले. पण मग कोणाच्या घरात भावकीतलंच मूल घेतलेलं असतं, म्हणजे नातं असतंच पण कागदावर आहे त्यापेक्षा वेगळं, आणि कोणाकडे मामेबहिणीशी लग्न झालेलं असतं. हे सगळं तिथे चौकोन आणि गोल काढून मांडतात, पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आणि बाई गं, बोलताना चुलत, मावस, आते असं स्पष्ट सांग. आपण सगळ्यांनाच बहीण म्हणतो, पण सख्खी बहीण आणि मावसबहीण ह्यांच्यात धोक्याचा हिशोब फार वेगळा.

आता खरी गोम. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना जेवढं सांगितलं तेवढं सांगतात. ब्रेस्टचा कॅन्सर आई-बहिणीला झाला असेल तर ते बहुतेक बरोबर सांगितलं जातं, ऑपरेशन दिसतं, सगळ्यांना माहीत असतं. गडबड पोटाची. नवऱ्याच्या मोठ्या आत्यांबद्दल सगळे म्हणायचे पोटात पाणी झालं आणि गेल्या. पाणी लिव्हर खराब झालं तरी होतं, टीबीने होतं, आणि ओव्हरीच्या कॅन्सरने पण होतं. ब्रॅका वनमध्ये बिघाड असलेल्या बाईला आयुष्यात ओव्हरीचा कॅन्सर व्हायची शक्यता १०० पैकी ४० च्या आसपास, म्हणजे त्या पाण्याचं कारण काय ह्यावर कितीतरी अवलंबून. तसंच कोणी लिव्हरचा, हाडांचा, मेंदूचा सांगितला की तो तिथलाच की दुसरीकडून पसरलेला हे विचार. उलटही होतं, पिशवी काढली म्हणजे कॅन्सरच असणार असं पुढची पिढी धरून चालते आणि असतात नुसत्या फायब्रॉइडच्या गाठी. आणि तिशी-पस्तिशीतच ओव्हरीसकट पिशवी काढलेल्या बायका असतील तर तेही सांग, त्या घरात ओव्हरीचा कॅन्सर दिसणारच कसा.

म्हणून कागद शोध. बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला तर सोनंच, नाहीतर डिस्चार्ज कार्ड, मृत्यूच्या कारणाचा दाखला, तोही जपून वाच कारण त्यावर कधीकधी नुसतं हृदय बंद पडलं एवढंच असतं. एका ठिकाणी आम्हाला सरळ सांगितलं जुनं सगळं रद्दीत गेलं. डॉक्टरांना रेकॉर्ड तीनच वर्षं ठेवायचा नियम आहे म्हणे, भांडून उपयोग नाही. पण पॅथॉलॉजीत विचार, तपासायला काढलेला तुकडा मेणात ठेवतात, ते ब्लॉक पुष्कळदा जास्त वर्षं ठेवलेले असतात. आत्यांचं काही सापडलं नाही, पण त्यांच्या जाऊबाईंनी, नव्वदीला टेकल्यात, सांगितलं की अहमदाबादला नेलं होतं आणि लाईट दिला होता. लाईट म्हणजे शेक, रेडिएशन. पाण्याला कोणी लाईट देत नाही. काउन्सेलरनी ते लिहून घेतलं, पण पुढे 'खात्री नाही' असंही लिहिलं, आणि मला ते फार आवडलं.

ह्या म्हाताऱ्या बायकांना फोनवर विचारू नकोस, समोर बस. आणि पुरुष माणूस खोलीत नको, आमच्याकडे नवरा उठून चहाला गेला तेव्हाच त्या बोलल्या. त्यांची भीती एकच, नातींची लग्नं व्हायचीत. तेव्हा आधीच सांग की नावं बाहेर जाणार नाहीत.

टेस्ट मात्र पहिली ताईचीच होऊ दे, तुझी नंतर. तिच्यात बिघाड सापडला तर तुझ्यात नेमका तोच बघता येतो. आधी तुझी केली आणि काही निघालं नाही तर त्याचा अर्थ लावणं अवघड. कधीकधी अर्थ न लागणारा बदलही निघतो, तेव्हा घाबरून ऑपरेशनच्या गोष्टी सुरू करू नका.

तुझ्या नाशिकच्या आत्या अजून आहेत ना? ह्याच आठवड्यात जा. आणि त्यांच्या मुलींची नावं, वयं लिहून आण, मी रविवारी फोन करते तेव्हा चौकोन-गोल आपण दोघी मिळून काढू.

तुझी,
मीनल