अणुभट्टीच्या चर्चेत रुग्णही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' विधेयक संमत केले आणि अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. तेव्हापासून वाचायला मिळते ते अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, गुंतवणूक किती येणार आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट कसे गाठणार, यावरच. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. पण अणुभट्टीवर कर्करुग्णांच्या तपासण्या आणि उपचारही अवलंबून असतात, याचा उल्लेख अभावानेच होतो. निदान आपल्या नवी मुंबईत तरी तो व्हायला हवा. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट'मध्ये किरणोत्सारी औषधे तयार होतात, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचे 'अ‍ॅक्ट्रेक' हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे.

माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग. तो हाडांत उतरला आहे का, हे पाहण्यासाठी बोन स्कॅन ठरला होता. आदल्या संध्याकाळी तपासणी केंद्रातून फोन आला, 'उद्या डोस मिळणार नाही, पुढची तारीख घ्या.' घरात त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. पुढचे सगळे उपचार त्या एका तपासणीवर अडले होते.

डोस साठवून का ठेवत नाहीत, असे तेव्हा अनेकांनी विचारले. कारण तो साठवताच येत नाही. या स्कॅनसाठी टोचल्या जाणाऱ्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अर्धायुकाल अवघा सहा तासांचा, म्हणजे दर सहा तासांनी ते निम्मे उरते. म्हणून केंद्रात येतो तो शिशाच्या जाड कवचातला जनरेटर. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनाच्या नळीत अणुभट्टीत बनलेले किरणोत्सारी मॉलिब्डेनम धरून ठेवलेले असते आणि त्यापासून सतत टेक्नेशियम तयार होत राहते. सकाळी तंत्रज्ञ त्यातून सलाईन सोडतो. मॉलिब्डेनम जागेवरच राहते, टेक्नेशियम धुऊन खालच्या कुपीत उतरते. त्यातूनच दिवसभराच्या रुग्णांचे डोस निघतात. पण मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मे होते, त्यामुळे दर आठवड्या-दीड आठवड्याला नवा जनरेटर हवाच. आपल्याकडे लागणारे बरेचसे मॉलिब्डेनम परदेशातून येते आणि जगात ते बनवणाऱ्या अणुभट्ट्या मोजक्या, त्यातल्या कित्येक जुन्या. कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी २००९ मध्ये गळतीमुळे बंद पडली, ती सव्वा वर्षाने सुरू झाली, आणि देशोदेशी स्कॅन पुढे ढकलावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या पेटेनच्या भट्टीत पाइपचा दोष निघाला, तेव्हाही टंचाई झाली.

आपली मदार ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'ध्रुव' या संशोधन अणुभट्टीवर. १९८५ ची ही भट्टी आता चाळिशी ओलांडून गेली. थायरॉईडच्या रुग्णांचे आयोडीन-१३१ तिथे बनते, न्यूरोएन्डोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठी आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर दिले जाणारे ल्युटेशियम-१७७ही तिथे बनते. शिवाय विद्यापीठांतले संशोधक प्रयोगांसाठी याच भट्टीच्या न्यूट्रॉन किरणांवर विसंबून असतात. एका भट्टीवर किती भार टाकायचा?

अशा वैद्यकीय समस्थानिकांसाठी (आयसोटोप, म्हणजे ही किरणोत्सारी द्रव्ये) खासगी भागीदारीतून स्वतंत्र संशोधन अणुभट्टी उभारू, अशी घोषणा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये केली होती. तिचे काम कुठवर आले, हे सरकारने लोकांपुढे ठेवायला हवे. दुसरी वाट तर हाताशीच आहे. कॅनडातल्या ब्रूसच्या वीज अणुभट्टीत २०२२ पासून, वीजनिर्मिती न थांबवता, ल्युटेशियम तयार होते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या त्याच कुळातल्या. त्यांतही भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येते, आणि राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात विजेबरोबर कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य आपण कधीपासून बनवतो आहोत. तारापूर, म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, १९६९ पासून अणुवीज आहे. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या देशाला हे जमणार नाही, असे मला वाटत नाही. नव्या कायद्याखाली खासगी कंपन्यांना परवाने देताना समस्थानिकांची सोय ही अट घातली, तर ती आराखड्यातच बसेल. भट्टी बांधून झाल्यावर तिच्यात बदल करणे फार अवघड.

खारघरची प्रोटॉन उपचार सुविधा, आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून घडवलेली कार-टी पेशी उपचारपद्धती, यांना आपण पहिल्या पानावर जागा दिलीत. वाचून ऊर भरून आला. पण रोजच्या रोज जास्त रुग्णांना लागतो तो हा साधा स्कॅन. तेव्हा एक विनंती. आपल्या प्रतिनिधींनी वाशी-खारघरला आणि ठाण्यातल्या न्यूक्लिअर मेडिसिन केंद्रांत जाऊन जनरेटर किती वेळा उशिरा येतो, किती रुग्णांच्या तारखा पुढे जातात, हे आकड्यांनिशी छापावे. त्या बातमीचे कात्रण घेऊन आम्ही काही वाचक ठाण्याच्या खासदारांना भेटू आणि २०२० च्या घोषणेबद्दल लोकसभेत लेखी प्रश्न टाकण्याची विनंती करू.

कळावे,
आपला नियमित वाचक
वाशी, नवी मुंबई