पीएच.डी. करणाऱ्या मातांची रजा अर्जातच अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी. अर्धवट सुटली की 'संसारात अडकली' म्हणून सगळे मोकळे होतात. मार्गदर्शक म्हणून आमचे मत वेगळे आहे. पुष्कळदा गाडी अडते ती फाइलमध्ये एक कागद नसल्यामुळे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार संशोधक महिलेला पूर्ण पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देता येते. 'देता येते', म्हणजे मागितली तर. अर्ज नसेल तर ते दिवस सरळ गैरहजेरीत जातात. २०१६ च्या नियमांत ही रजा एकदाच घेण्याची अट होती, ती आता नाही. तरीही जुना छापील नमुना पुढे केला जातो आणि दुसऱ्यांदा केलेला अर्ज परत येतो. अशा वेळी नव्या विनियमांची प्रत सोबत जोडावी.

अर्ज गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच द्यावा. मार्गदर्शकाची शिफारस, संशोधन केंद्रप्रमुखांची सही, मग विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात आवक क्रमांक, या क्रमाने. तोंडी 'हो, घ्या' याला किंमत नाही; पासून-पर्यंतच्या तारखा असलेला लेखी आदेश हवा. सगळे २४० दिवस एकदम संपवू नयेत. १८० घेऊन ६० राखले, तर मूल आजारी पडल्यावर उपयोगी येतात.

'तुम्हा बायकांना दोन वर्षे जास्त आहेतच, रजा कशाला?' हा टेबलापलीकडचा नेहमीचा प्रश्न. ती दोन वर्षे अगदी शेवटची आहेत: मूळ मुदत सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि त्यावर ही दोन, कमाल दहा. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. बाळ दीड महिन्याचे असताना आलेली ती तारीख चुकली, तर रजेचा आदेशच कामी येतो. पुढे कित्येक वर्षांनी मिळणाऱ्या मुदतवाढीचा तिथे काय उपयोग?

फेलोशिपचे घड्याळ निराळेच. विद्यापीठाने रजा मंजूर केली तरी पैसे देणाऱ्या संस्थेला वेगळे कळवावे लागते, आणि फेलोशिपच्या पोर्टलवर संशोधन सुरू असल्याची दरमहा होणारी पुष्टी कोण भरणार हे रजेवर जाण्याआधी नावानिशी ठरवावे लागते. ती राहिली की रक्कम थांबते. तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणारीला तर तास नाही म्हणजे पैसेच नाहीत.

परतल्यावरचा प्रश्न जागेचा. पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असे २०१७ पासून कायदा सांगतो. संशोधक विद्यार्थिनी कर्मचारी नसल्याने त्या मोजणीत येतच नाही. हिरकणी कक्ष (स्तनपानासाठीची खोली) असला तरी त्याची किल्ली शिपायाकडे आणि आत दूध काढण्याच्या पंपासाठी प्लग नाही, अशी गत. काढलेले दूध खोलीत साधारण चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ते रसायनांशेजारी ठेवता येत नाही. विभागात दोन-तीन हजारांचा जुना छोटा फ्रिज ठेवायला कोणत्या समितीची मंजुरी लागते?

विद्यापीठांनी रजेचा सुधारित अर्ज पीएच.डी. पोर्टलवर टाकावा, पंधरा दिवसांत आदेश देण्याचे बंधन स्वतःवर घालावे आणि उरलेल्या दिवसांचा आकडा विद्यार्थिनीच्या खात्यात दाखवावा.

— दोन पीएच.डी. मार्गदर्शक, पुणे