विषय : ‘नितळ लगून’ सहलीचे ७,२०० रुपये परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या रविवारी तुमच्या ‘नितळ लगून : स्विमिंग आणि कयाकिंग’ या सहलीला मी, पत्नी, मुलगी आणि आठ वर्षांचा नातू असे चौघे आलो होतो. माणशी २,४०० प्रमाणे ९,६०० रुपये आगाऊ भरले होते. कोथरूडहून निघालेल्या बसने उतरवले ते पवना धरणाच्या बॅकवॉटरला. लगून म्हणजे समुद्रालगत वाळूच्या पट्ट्याने अडलेले पाणी, ओडिशातल्या चिलिकासारखे. मावळात समुद्र कुठून आणणार? असो, शब्दावरून भांडत नाही. मुद्दा फोटोचा आहे.

जाहिरातीत होडी हवेत तरंगते आहे असे वाटावे इतके स्वच्छ पाणी आहे आणि मागे झुलता पूल. हा फोटो मेघालयातल्या डावकीचा, उमनगोट नदीचा. आम्ही दोघे तिथे जाऊन आलो आहोत; त्याच पुलाजवळचा माझा फोटो सोबत जोडला आहे. पवनेवर तो पूल दाखवा, तक्रार मागे घेतो.

मे महिन्यात धरण आटते हे तुम्हाला ठाऊक नसेल असे नाही. वाघेश्वराचे देऊळ पाण्यातून उघडे पडले होते, आणि खरे सांगायचे तर दिवसभरात पाहण्यासारखे तेवढेच होते. तिथून पाण्यापर्यंत शे-दीडशे पावले गाळ. पत्नीची एक चप्पल त्यात रुतली ती रुतलीच; बसपर्यंत ती एका पायात माझा मोजा घालून आली. पाणी चहाच्या रंगाचे, गुडघाभर पाण्यात स्वतःचे पाऊल दिसेना.

एवढे गिळले असते. नातवाच्या लाइफ जॅकेटचे नाही. त्याला मोठ्यांच्या मापाचे जॅकेट दिले. खांद्याशी धरून वर ओढून पाहिले तर ते थेट कानांपर्यंत आले. पाण्यात पडला असता तर जॅकेट वर राहिले असते आणि पोर खालून निसटले असते. मधले बकल तुटलेले, तिथे सुतळी बांधलेली. तुमचा माणूस म्हणाला, “काही होत नाही काका, पाणी उथळ आहे.” त्याच्या पाठीमागेच फलक होता : ‘पाणी खोल आहे. पोहण्यास सक्त मनाई.’ मग स्विमिंगचे पैसे कशाचे, असे विचारले तर म्हणे, फोटोपुरते काठाला उतरा. नातवाला मी कयाकमध्ये बसू दिले नाही. सोमाटणे फाट्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

कार्यालयात फोन केला तेव्हा ‘बस आणि जेवण दिले ना’ असे ऐकून घ्यावे लागले. पिठलं-भाकरी उत्तम होती, नाही म्हणत नाही. त्याचे आणि बसचे माणशी ६०० कापून घ्या, बाकीचे ७,२०० परत करा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि सुतळीसकट जॅकेटचा फोटो सोबत आहे.

लहान मुलांच्या मापाची जॅकेटे येईपर्यंत त्यांचे बुकिंग मात्र आजपासूनच थांबवा.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे