कोरस कापून ‘अँटिगनी’ कसं उभं राहणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या हौशी नाटक कंपनीने सोफोक्लिसचं जुनं ग्रीक नाटक ‘अँटिगनी’ केलं त्याची बातमी तुमच्या पेपरात आली, फोटोसकट आली, बरं वाटलं. नाहीतर आमच्याकडच्या नाटकाला पेपरात जागा कधी मिळते, तर अध्यक्ष कोण होते आणि नारळ कोणी फोडला एवढ्यापुरती. पण बातमीत लिहिलंय की मूळ नाटकातला कंटाळवाणा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा घोळका, काढून टाकला म्हणून प्रयोग आटोपशीर झाला, आणि नेमकं ह्याच्यावरच माझं भांडण आहे. प्रयोग मी बघितलाय. कोरस काढला म्हणून तो आटोपशीर झाला नाही, अर्धा झाला.

पोरांचं कौतुक आधी करतो, म्हणजे नुसती खोडी काढतोय असं वाटायला नको. शाळेचा हॉल, वर पत्रा, त्यावर पाऊस असा कोसळत होता की पुढच्या चार रांगांच्या मागे काय ऐकू जात असेल देव जाणे, तरी एकाही पोराने आवाज सोडला नाही. अँटिगनी झालेल्या मुलीने तर कमालच केली, नुसतं उभं राहून राजाकडे बघायची तरी अंगावर काटा यायचा. आणि पहारेकऱ्याला संगमेश्वरी बोली दिली ती ज्याची आयडिया असेल त्याला माझा नमस्कार, कारण तो पहारेकरी मुळातच तसा लिहिलाय, घाबरट आणि तोंडाने फटकळ, येतानाच सांगत येतो की महाराज मी धावत आलो नाही, दहा वेळा वाटेत थांबलो, परत फिरायला निघालो होतो. हॉल हसला. ग्रीक शोकांतिकेत हसतात का असं माझ्या शेजारच्या मास्तरांनी मला विचारलं. हसतात हो, सोफोक्लिसने हसायलाच ठेवलाय तो.

आता कोरसचं. ज्यांनी नाटक बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थीब्ज नावाच्या गावाच्या गादीसाठी दोन भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले, त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला आणि त्याने हुकूम काढला की एका भाच्याचा अंत्यविधी मानाने होणार आणि दुसरा परकी फौज घेऊन गावावर चालून आला होता म्हणून त्याचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांना टाकायचं, जो माती देईल तो मेला. बहीण अँटिगनी माती देते, आणि राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडायला लावतो. पुढे काय होणार ते सगळ्यांना कळतंच, तिथल्या लोकांनाही आधीच माहीत होतं, गोष्ट जुनीच होती. तर हे सगळं ज्यांच्यासमोर घडतं ती थीब्जची म्हातारी माणसं म्हणजे कोरस. ती सुरुवातीला येतात ती शेवटपर्यंत जात नाहीत, बाकीचे सगळे येऊन जाऊन.

आपल्या कंपनीने काय केलं, तर ह्या म्हाताऱ्यांच्या जागी एक रेकॉर्ड केलेलं निवेदन टाकलं, भारदस्त आवाजात, मागे तंबोरा. ऐकायला छान. पण त्या स्पीकरच्या खोक्याशी क्रेऑन बोलणार काय?

कारण नाटकाचा सगळा सांधा तिथेच आहे. आंधळा टायरेसियस येऊन भविष्य सांगून जातो आणि इतका वेळ आपलंच खरं करणारा क्रेऑन पहिल्यांदा हलतो आणि त्या म्हाताऱ्यांना विचारतो, काय करू सांगा, तुमचं ऐकतो. आणि ते सांगतात, जा, मुलीला सोडव आणि मेलेल्याला माती दे. म्हणजे राजाचा हुकूम फिरवतात ते गावचे म्हातारे! पण हा बाबा करतो काय, आधी प्रेताचं उरकतो आणि मग गुहेकडे जातो, तोपर्यंत तिने गळफास लावून घेतलेला असतो आणि तिथून एकामागून एक क्रेऑनचा मुलगा हेमॉन जातो, बायको युरिडिसी जाते. आमच्या प्रयोगात क्रेऑन स्वतःशीच दोन वाक्यं पुटपुटला आणि पळाला. माझ्या मागे बसलेल्या एकाने विचारलं, ह्याला मधेच काय झालं? त्याचा प्रश्न बरोबर होता.

दुसरं म्हणजे अँटिगनीचं एकटेपण. तिला गुहेत न्यायला निघतात तेव्हा ती विलाप करते, तो त्या म्हाताऱ्यांसमोर करते, आणि ते तिची बाजू धड घेत नाहीत. हळहळतात, आणि वर सांगतात की पोरी तू फारच पुढे गेलीस. ह्याने जीव जास्त तुटतो हो. रिकाम्या स्टेजवर निळ्या लाइटमध्ये एकटी मुलगी रडली तर आपल्याला वाईट वाटतं, पण ओळखीची पंधरा माणसं समोर उभी आहेत आणि कोणी हात पुढे करत नाही हे ज्याने गावात बघितलंय त्याला ते वेगळंच लागतं. आणि गावात हे बघितलं नाही असा कोण आहे?

दिग्दर्शकांना मी प्रयोगानंतर भेटलो, माणूस सज्जन आहे, म्हणाले काका, माणसंच नाहीत, आठ जण कसेबसे जमवले, कोरसला पंधरा कुठून आणू. अडचण खरीच आहे. पण गंमत बघा, त्यांनी आठ जणांना आठ भूमिका वाटल्या. सोफोक्लिसच्या काळी अथेन्समध्ये हे नाटक इसवीसनापूर्वी ४४१ च्या आसपास झालं तेव्हा बोलणाऱ्या सगळ्या भूमिका मिळून तिघेच नट करायचे, सगळे पुरुष, मुखवटे बदलून. तिसरा नट आणला तो सोफोक्लिसनेच असं ॲरिस्टॉटल सांगतो, आणि कोरस बारावरून पंधरावर नेला तोही त्यानेच असं जुन्या नोंदींत आहे. म्हणजे नट तीन आणि कोरस पंधरा. आपण बरोब्बर उलटं केलं, नट आठ आणि कोरस शून्य! राणी युरिडिसीला अख्ख्या नाटकात एकदाच चार वाक्यं आहेत, ती बोलते आणि आत जाऊन जीव देते, त्यासाठी एक ताई साडी-दागिने घालून सव्वा तास विंगेत बसून होत्या. पहारेकरी करणाऱ्यालाच शेवटचा निरोप्या द्या, टायरेसियस आणि हेमॉन एकाला द्या. आता तिघांतच भागवा असा माझा हट्ट नाही, चार घ्या, पाच घ्या, पण उरलेले कोरसात घाला की.

आणि क्रेऑनचं काम मोठं म्हणून आपण मुख्य नटाला दिलं ना, तर अथेन्समध्ये ते तिसऱ्या नंबरच्या नटाकडे असायचं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस, त्याने इसवीसनापूर्वी ३४३ मध्ये कोर्टात आपला विरोधक एस्किनीस, जो आधी नट होता, त्याची टर उडवली होती ती ह्याच्यावरूनच, की तिसऱ्या नटाला राजदंड घेऊन राजा म्हणून मिरवायला मिळतं तेवढाच काय तो त्याचा मान, आणि हे महाशय क्रेऑन करायचे. आमच्या क्रेऑनने वाईट वाटून घेऊ नये, काम चांगलं केलं त्यांनी.

मुळात तिकडे नाटक करायचं म्हणजे कवीने अधिकाऱ्याकडे जाऊन कोरस मागायचा, आणि कोरस मंजूर झाला म्हणजे नाटक मंजूर झालं. कोरसचा शिकवण्याचा, कपड्यांचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकलेला असायचा, ते त्याचं कर्तव्यच समजायचे. आणि कोरसात नाचणारे-गाणारे धंदेवाईक नट नव्हते, साधे नागरिक होते. हे वाचलं तेव्हा मला आमचं नमन-खेळेच आठवलं, जाखडी आठवली, दिवसभर शेतात किंवा दुकानात असलेला माणूस रात्री पायात चाळ बांधून गोलात फेर धरतो. म्हणून म्हणतो, मोठ्या शहरातल्या कंपनीने कोरस कापला तर एक वेळ समजू शकतो, त्यांना पंधरा जण एका तालात हलवायचे तर महिनाभर शिकवावं लागेल. आम्हाला कशाला? आमच्या वाडीवाडीत भजनी मंडळ आहे, एका दमात उचलून धरणारी माणसं आहेत. पोरं मुंबईला गेली म्हणून आपण रडतो, बरोबर आहे, पण हा कोरस म्हाताऱ्यांचाच आहे, आणि म्हातारे आमच्याकडे मुबलक आहेत, त्यात मी पण आलो.

त्यातलं दुसरं गाणं तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. पहारेकरी पहिल्यांदा येऊन जातो, त्याच्यानंतरचं. माणसासारखं अजब जगात दुसरं काही नाही, वादळी वाऱ्यात खवळलेल्या दर्यातून तो वाट काढतो, वर्षानुवर्षं जमीन नांगरतो, जाळं टाकून मासे धरतो, सगळ्यावर त्याला इलाज सापडला, मरणावर तेवढा नाही. हे आमच्या प्रयोगात निवेदकाने तीन वाक्यांत संपवलं. आमच्या नाटे गावच्या नाहीतर जैतापूरच्या, दर्यावरच्या लोकांसमोर हे मृदंगावर म्हणून बघा, कंटाळा कोणाला येतो ते मग बोलू.

मला विचाराल तर मी हा कोरस गाऱ्हाण्याच्या अंगाने बसवीन. देवळात एक जण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसं सुरुवातीला क्रेऑन हुकूम सांगतोय आणि म्हातारे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’. अँटिगनी राजाला तोंडावर सांगते की ह्या सगळ्यांना माझंच पटतंय, पण भीतीने तोंड मिटून आहेत, तिथे तो ‘व्हय’ जरा दबका होऊ दे. हेमॉन बापाला सांगतो की अख्खं गाव त्या मुलीसाठी आतल्या आत हळहळतंय, तिथे नुसतीच चुळबुळ, होकार नाही. आणि टायरेसियस गेल्यावर राजा विचारतो काय करू, तेव्हा पहिल्यांदा ते त्याला सांगतात, जा म्हाराजा, सोडव तिला. म्हणजे नाटकाचा अर्धा अर्थ त्या एका होकाराच्या बदलण्यात येईल, निवेदन नको, तंबोरा नको. कोणी म्हणेल देवाचं गाऱ्हाणं नाटकात कशाला आणता, तर ते नाटकही देवाच्याच उत्सवात व्हायचं, डायोनिससच्या, आपला शिमगा येतो साधारण त्याच दिवसांत.

परकं नाटक कशाला असंही दोघा-तिघांनी कुजबुजताना ऐकलं. त्याला लांबण लावत नाही. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हेच नाटक केलं होतं आणि नेल्सन मंडेला त्यात क्रेऑन झाले होते, त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. त्यांना परकं वाटलं नाही तर आम्हाला वाटायचं कारण काय?

दिवाळीनंतर जत्रांच्या दिवसांत गावोगाव प्रयोग करणार असं बातमीत आहे, म्हणून आत्ताच लिहितोय. हॉल सोडा, देवळासमोरचं अंगण घ्या. अथेन्सला उघड्यावर दिवसाउजेडीच व्हायचं सगळं, टेकडीच्या उतारावर बसून लोक बघायचे. नाटकाची गोष्टही पहाटेलाच सुरू होते आणि कोरस येतो तो उगवत्या सूर्याचं गाणं म्हणतच येतो, तर सकाळी सातला करा, लाइटवाल्याचे पैसे वाचतील आणि लाइट गेली तरी प्रयोग थांबणार नाही. साथीला तिकडे एकच वादक असायचा, औलोस नावाचं जोडनळ्यांचं वाद्य घेऊन. आपल्याला एक सनई आणि एक मृदंग पुरे, सिंथेसायझर कृपा करून आणू नका.

आमच्या वाडीच्या भजनी मंडळात मी विषय काढलाय. सात जण तयार आहेत, आठव्याचं गुडघ्याचं दुखणं आहे पण तो बसून म्हणेन म्हणतोय. बुवांची एकच अट आहे, चाली ते स्वतः लावणार, आणि ह्याबाबतीत त्यांच्याशी वाद घालू नये असा माझा दिग्दर्शकांना खाजगी सल्ला आहे. गणपती विसर्जन झालं की भातकापणीपर्यंत माणसं मोकळी असतात, तेवढ्यात रात्री जेवणं उरकल्यावर तालमी ठेवल्या तर जमेल, कापणी सुरू झाली की मग कोणी यायचं नाही.

आपला,
एक जुना वाचक
राजापूर, जि. रत्नागिरी