गावाची माहिती गावापुढे वाचली जावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की राज्यातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेची लगबग सुरू होते. राज्यपाल तथा कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मानव्यविद्या आणि भाषांपासून शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सहा गटांत विद्यार्थी आपले संशोधन पोस्टर आणि प्रतिकृतींच्या रूपाने मांडतात, परीक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जातात आणि त्यांतील काही जण राज्य पातळीपर्यंत पोहोचतात. पदवीच्या वर्गातील मुलामुलींना आपले काम चार जाणकारांपुढे उभे राहून सांगता येते, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र ज्या गावांत फिरून, ज्या घरांच्या उंबऱ्यावर बसून यातील बरीचशी माहिती गोळा केलेली असते, त्या गावातील कोणीही त्या मांडणीच्या वेळी हजर नसते आणि पुढेही त्यातील काही त्यांच्यापर्यंत येत नाही. माण तालुक्यातील एका गावाच्या ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून मला विद्यापीठांचे लक्ष या एकाच गोष्टीकडे वेधायचे आहे.

आमच्या गावात एका महाविद्यालयाचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी पाण्याचे नमुने घेण्यासाठी आले होते. प्रत्येक विहिरीवर आणि विंधन विहिरीवर जाऊन त्यांनी बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, विहिरीच्या मालकाला पाणी कशासाठी वापरता, जवळपास उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा आहे का, युरिया किती टाकता असे नीट प्रश्न विचारले आणि उत्तरे वहीत लिहून घेतली. मुले कामसू होती, गावाने त्यांना चहापाणी केले आणि ती निघून गेली. त्यांच्या तपासणीत काय निघाले हे आम्हाला कळले ते पुढचा पावसाळाही उलटून गेल्यावर, आणि तेही योगायोगाने. त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतणीला प्रदर्शनातील एका पोस्टरवर गावाचे नाव दिसले आणि तिने त्याचे छायाचित्र मला व्हॉट्सॲपवर पाठवले. गावठाणालगतच्या विहिरींमध्ये नायट्रेटचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरवून दिलेल्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर असल्याचे त्यावर स्पष्ट छापले होते.

नायट्रेट जास्त असलेल्या पाण्याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या मुलांना असतो, कारण त्यामुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. अशा पाण्याला रंग, वास किंवा चव नसते. आमच्याकडे बाळासाठी पाणी उकळून घेण्याची सवय आता घरोघरी लागलेली आहे आणि ती योग्यच आहे, परंतु उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या आया सर्वाधिक काळजी घेत होत्या त्यांनाच ही माहिती सर्वांत आधी मिळायला हवी होती. माहिती हाती आल्यावर ग्रामपंचायतीने त्या विहिरींचे पाणी केवळ वापरासाठी ठेवले आणि लहान मुले असलेल्या घरांची व अंगणवाडीची सोय दुसरीकडून केली. हेच काम नमुने तपासून झाल्यावर आठवडाभरात होऊ शकले असते. त्यासाठी मराठीत लिहिलेले एक पानभर पत्र पुरले असते.

त्या विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. अहवाल गावाला कळवा असे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते. त्यांच्या गुणपत्रिकेत, त्यांच्या प्राध्यापकांच्या कामाच्या नोंदीत किंवा महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात त्यासाठी वेगळी जागा नव्हती. गावात गेल्याचा पुरावा म्हणून फलकासह काढलेले छायाचित्र मागितले जाते, गावाला काय सांगितले हे सहसा विचारले जात नाही.

हा प्रश्न येत्या काळात आणखी मोठा होणार आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची घडी महाराष्ट्रातील गावांना चांगली परिचयाची आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेले वनराई बंधारे, शाळेभोवती लावलेली झाडे, रात्रीची पथनाट्ये हे सारे आम्ही पाहिलेले आहे आणि त्याबद्दल गावाला कृतज्ञता आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही उच्च शिक्षण संस्था गावे निवडतात आणि तेथील घराघरांचे सर्वेक्षण करतात. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग हे पदवी अभ्यासक्रमाचेच भाग झाले आहेत व त्यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पूर्वी सेवा योजनेत नाव घातलेली मुलेच गावात येत. यापुढे कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने प्रश्नावल्या घेऊन येतील. त्याच घरात तेच प्रश्न वेगवेगळ्या महाविद्यालयांकडून विचारले गेले आणि एकाचेही उत्तर परत आले नाही, तर माणसे कंटाळून काहीतरी सांगून मोकळी होतील. तसे झाले तर नुकसान संशोधनाचेच आहे.

अहवाल गावापुढे मांडल्याने केवळ गावाचाच फायदा होतो असेही नाही. दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या शिबिरातील मुलामुलींनी शेवटच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात आपल्या सर्वेक्षणाचे कच्चे निष्कर्ष वाचून दाखवले, तेव्हा मी तेथे होतो. सभामंडपाच्या फरशीवर त्यांनी रंगीत खडूने गावाचा नकाशा काढला होता आणि एकेका वस्तीचे आकडे सांगत होते. त्यात ‘बंद घरे’ असा एक रकाना होता आणि धनगरवस्तीतील बरीच घरे त्यात गेली होती. मागे बसलेल्या एका आजी उठून म्हणाल्या, “बंद न्हाईत ती घरं, माणसं मेंढरामागं गेल्यात. आखाडात या, समदी भेटत्याल.” आमच्या भागातील मेंढपाळ दसरा-दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, तर कित्येक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त परराज्यांत असतात. हिवाळ्यातील शिबिरात ही घरे कुलूपबंदच दिसणार. याचा अर्थ ज्या मुलांचे लसीकरण आणि शाळा सर्वाधिक चुकते, नेमकी तीच मुले त्या अहवालातून वगळली गेली होती. शिबिरातील मुलामुलींनी तेथल्या तेथे तो रकाना खोडून ‘हंगामी स्थलांतरित’ असा नवा रकाना आखला आणि वस्तीवरच्या माणसांकडून नावनिशीवार माहिती घेतली. स्पर्धेच्या दालनात उभ्या असलेल्या परीक्षकाला, तो कितीही विद्वान असला तरी, ही दुरुस्ती सुचवता आली नसती.

यातूनच वेळापत्रकाचा मुद्दा निघतो. गावाचा वार्षिक विकास आराखडा तयार करण्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि वर्षअखेरपर्यंत चालते. पुढच्या वर्षी पाण्यावर, अंगणवाडीवर, रस्त्यांवर किती खर्च करायचा हे त्यात ठरते. महाविद्यालयांची शिबिरे मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात आणि प्रकल्प अहवाल मार्चच्या आसपास सादर होतात. तोपर्यंत आराखडा मंजूर झालेला असतो. सर्वेक्षणाचे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाले तर मेंढपाळ कुटुंबे घरी सापडतील आणि निष्कर्ष २ ऑक्टोबरच्या सभेपुढे ठेवता येतील. श्रमदानाचे शिबिर हिवाळ्यात राहू द्यावे, कारण बंधारा घालायला तोच हंगाम योग्य आहे.

माझी विद्यापीठांना विनंती अशी, की क्षेत्र प्रकल्पाचे किंवा समुदाय सहभागाचे गुण देण्यापूर्वी तो अहवाल, किमान त्याचा मराठी सारांश, संबंधित ग्रामसभेत वाचला जावा अशी अट घालावी. मात्र ही अट ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्यावर सोडू नये. शिक्का मारून देणे आम्हाला फार सोपे आहे आणि त्यातून आणखी एक कागद तेवढा वाढेल. त्याऐवजी सभेत लोकांनी कोणते प्रश्न विचारले, कोणती माहिती चुकीची ठरवली आणि त्यावरून अहवालात काय बदल केला, याचे परिशिष्ट विद्यार्थ्यांनी जोडावे आणि तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न विचारले जावेत. सभेत न बसलेल्याला ते परिशिष्ट लिहिणे अवघड जाईल.

आरोग्याच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागेल. कोणाचे हिमोग्लोबिन किती, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणत्या घरात दारूचे व्यसन आहे, हे चारचौघांत वाचले जाता कामा नये. तेथे गावाचा एकत्रित आकडा पुरे, आणि ज्या बाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला तिला तिचा आकडा त्याच वेळी खासगीत सांगून तो कमी असल्यास आरोग्य उपकेंद्राकडे पाठवले जावे. पाण्याचे आणि साथीच्या रोगांचे निष्कर्ष तर ग्रामसभेची वाट न पाहता लगेच कळवायला हवेत.

पीएच.डी.चे प्रबंध आज ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, परंतु पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गावागावांत केलेले हजारो अहवाल विभागाच्या कपाटात राहतात आणि जागा कमी पडली की रद्दीत जातात. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी कर्जत, शहापूर, मोखाडा या भागांतील पिण्याच्या पाण्यावर केलेल्या कामाचे अहवाल खुले ठेवले गेले आहेत, ही पद्धत इतर विद्यापीठांनाही अवघड नाही. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गावच्या वाचनालयात ठेवली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या तुकडीला आधी काय झाले आहे ते वाचूनच कामाला लागता येईल, आणि गावाला तेच प्रश्न पुन्हा ऐकावे लागणार नाहीत.

आमच्या गावापुरते सांगायचे तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांच्या अहवालासाठी वेळ राखून ठेवण्याचा विषय मी पुढील मासिक बैठकीत मांडणार आहे. परिसरातील ज्या महाविद्यालयांनी आजवर आमच्याकडे सर्वेक्षणे केली आहेत, त्यांनी जुने अहवाल पाठवले तर त्यांचेही वाचन करण्यास आमची तयारी आहे. अहवाल इंग्रजीत असल्यास मराठी सारांश करण्यासाठी गावातील दोन शिक्षक मदत करतील.

आपला,
एक ग्रामपंचायत सदस्य
ता. माण, जि. सातारा