इंजिन रंगवा, पण पाटी वाचून

महोदय,

वाफेच्या जुन्या इंजिनावर बातमी येते तेव्हा तिच्यात वजन असतं, वेग असतो, रेल्वेने दिलेला क्रमांक असतो. ते कोणत्या कारखान्यात घडलं, एवढंच नसतं. माझा जन्म फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करण्यात गेला, म्हणून ही उणीव मला फार खुपते.

रेल्वेचा क्रमांक मालक बदलला की बदलतो. कारखान्याने दिलेला अनुक्रमांक मात्र शेवटपर्यंत तोच. पितळी पाटीवर तो असतो, सोबत नाव, गाव, साल. शार्प-स्टुअर्ट या ब्रिटिश इंजिन-कारखान्याच्या पाटीवर ‘मँचेस्टर’ दिसलं तर इंजिन जुन्या जागेचं, कारण १८८८मध्ये हा कारखाना ग्लासगोला गेला. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची पाटी ग्लासगोच्याच ड्यूब्ज कारखान्याची. १९०३मध्ये नीलसन-रीड, ड्यूब्ज आणि शार्प-स्टुअर्ट मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. तरी ड्यूब्जच्या क्वीन्स पार्क कारखान्याने पाटीचा तो आकार सोडला नाही!

पाटी चोरीला गेली असेल तर चाकं जोडणाऱ्या रॉडवर (लोखंडी दांड्यांवर) ठोकलेले आकडे पाहावेत. मात्र एकाच आकड्यावर विसंबू नये. शेडमध्ये एका इंजिनाचे रॉड काढून दुसऱ्याला सर्रास लावत. दोन-तीन भागांवर तोच आकडा मिळाला, तर भरवसा धरावा.

खांबासारख्या बिडाच्या ओतकामावर कारखान्याचं नाव उठावाने येतं, कारण लाकडी पॅटर्नवर धातूची अक्षरं ठोकलेली असतात. फाउंड्री बंद पडली की तिचा पॅटर्न दुसरा कारखानदार विकत घेतो, जुनं नाव उपटून आपलं बसवतो. पण जुन्या नावाच्या पट्टीची कड नीट घासली नसेल, तर ती साच्याच्या वाळूत उमटते आणि वाळूतून बिडावर. तिरप्या उजेडात बोट फिरवलं की हाताला लागते. एका खांबावर असे दोन कारखाने वाचता येतात.

बायर-पीकॉक या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा मँचेस्टरमधल्या गॉर्टनचा कारखाना १९६६मध्ये बंद झाला, पण त्याचे कागद मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जपले आहेत. अनुक्रमांक हाती असेल तर अशा कागदांत इंजिनाची मूळ ऑर्डर शोधता येते. छोट्या फाउंड्र्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येतं. त्यांचे पॅटर्न सरपणात जातात.

म्हणून जुनी इंजिनं शोभेला मांडणाऱ्यांना कळकळीची विनंती: रंगाचा हात देण्याआधी पाटीचे आणि रॉडवरच्या आकड्यांचे फोटो काढून ठेवा, गंज काढताना त्या जागी ग्राइंडर लावू नका. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बातमीत कारखान्याचं नाव आणि अनुक्रमांक जरूर छापावा.

– एक निवृत्त पॅटर्नमेकर